घाई बोटात असते

नगरजवळच्या भिंगारहून पाथर्डी रस्त्याला लागलं की लष्करी कॅम्पाची हद्द मागे पडते आणि समोर शाह डोंगर दिसू लागतो. डोंगरमाथ्यावर निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. सगळा जिल्हा तिला चांदबीबीचा महाल म्हणतो. त्या डोंगराच्या अलीकडे-पलीकडे मुरमाड माळ पसरलेत. कुसळी गवत, हिवर, बाभळी, बोरीची झुडपं, मधूनच वनखात्याची लागवड, पावसाळ्यात बाजरी-मुगाचे तुकडे. या माळांवर उजाडायच्या आधीच तितर बोलायला लागतो. एका बांधावरून एक सुरुवात करतो, पलीकडच्या ओघळीतून दुसरा उत्तर देतो, आणि दिवस कासराभर वर येईपर्यंत त्यांचं हे चालू राहतं.

हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले. पण तितर डोळे भरून पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही बऱ्याच चुका करून झाल्यावर. त्या चुका लिहून काढते आहे, कारण त्यांतल्या काहींची किंमत मी मोजली नाही, पाखरांनी मोजली.

माझ्या आजोळी, पाथर्डी तालुक्यात, एके काळी ठासणीची बंदूक होती. आजोबा तितर-लाव्यांच्या मागे जायचे, त्याच्या गोष्टी आईकडून ऐकल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलासुरला परवानाही गेला. झालं ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. मला ओढ होती ती पाखरापर्यंत पोचण्याची. मुलं मोठी झाली, हातात थोडा पैसा आणि रविवारच्या सकाळी आल्या, तेव्हा मी कॅमेरा घेतला आणि त्याला १५०-६०० मिलिमीटरची लांब लेन्स घेतली. दुकानातून बाहेर पडताना मला एकाच गोष्टीची खात्री होती: नेम तर मला येतोच.

या खात्रीचं मूळ एनसीसीत होतं. कॉलेजात असताना आम्हाला पॉइंट टू-टू रायफल चालवायला मिळायची. पोटावर झोपायचं, कोपर रोवायचं, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या. पाच छिद्रं एकमेकांच्या जितकी जवळ, तितकं ग्रुपिंग चांगलं. शिकवणारे उस्ताद फौजी हिंदीत तीनच गोष्टी घोकून घ्यायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, आणि ट्रिगरचं योग्य ऑपरेशन. माझं ग्रुपिंग चांगलं यायचं. भिंगारच्या पोरांना तोफांचे आवाज नवे नसतात, के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव असला की लांबवर धडधड ऐकू येते. त्या वातावरणात वाढलेल्या मुलीला आपण चांगला नेम धरतो याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक होतं. पण रेंजवर लक्ष्य माझ्यासाठी थांबलेलं होतं. माळावर थांबायची पाळी माझी होती, आणि थांबणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात मी तितराच्या मागे चालत राहिले. आवाज आला की त्या दिशेने निघायचे. वीस-तीस पावलं गेले की आवाज बंद. थांबले की तो पलीकडच्या ओघळीतून पुन्हा सुरू. तितराला उडायला फारसं आवडत नाही; पायांवर त्याचा जास्त भरवसा. झुडपाच्या बुडातून, गवताच्या आडोशाने तो इतक्या वेगाने पळतो की आपण झुडपाकडे बघत उभे असतो आणि तो बांध ओलांडून गेलेला असतो. अगदीच गाठला तर भर्रकन पंख वाजवत जमिनीलगत उडतो आणि पुढे जाऊन पुन्हा गवतात शिरतो. माझ्या त्या हिवाळ्यातल्या फोटोंत शेपट्या आहेत, हलणारं गवत आहे, आणि पुष्कळ रिकामं आकाश आहे.

शिवाय एक साधी गोष्ट मला कितीतरी आठवडे कळली नाही. भिंगारहून सकाळी शाह डोंगराकडे जाणं म्हणजे पूर्वेला जाणं. सूर्य समोर. पाखरू माझ्या आणि सूर्याच्या मध्ये. म्हणजे जे थोडे फोटो लागले तेही काळ्या सावल्यांचे. तितराच्या अंगावरची बारीक नक्षी, गळ्यावरचा पिवळसर डाग आणि त्याभोवतीची काळी किनार यांतलं काहीच दिसत नव्हतं. मी कॅमेऱ्याची सेटिंग बदलत बसले. बदलायची होती ती वाट. अंधारातच माळ ओलांडून पूर्वेच्या अंगाला जायचं, सूर्याकडे पाठ करून बसायचं आणि उजेड पाखरावर पडू द्यायचा. त्यासाठी तासभर आधी उठावं लागतं, आणि ते एक तास आधी उठणं मी सतत पुढे ढकलत होते.

कपड्यांचंही तेच. गुलाबी ओढणी, पांढरे बूट. पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात, आणि तितरासारख्या जमिनीवरच्या पाखरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना जवळपास सगळीकडचं दिसतं. हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि अंगात भिनलेलं यांत किती अंतर असतं, ते माळावर कळलं.

या सगळ्या धावपळीकडे एक जण रोज बघत होता. माळावर मेंढरं चारणारे एक धनगर बाबा. बरेच दिवस त्यांनी काही विचारलं नाही. मग एकदा बाभळीखाली टेकले असताना म्हणाले, “ताई, तुमी पाखरामागं पळता, म्हून पाखरू पळतंय. मेंढरासंगं चाला की दोन दिस.”

मी त्यांच्या मेंढरांबरोबर चालले. कॅमेरा पिशवीत ठेवून, त्यांच्याच चालीने. मेंढी एका रेषेत चालत नाही. तोंड घालते, थांबते, बाजूला वळते. आम्ही त्या कळपात मिसळून जात होतो, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतराच्याही आत, एका वारुळाजवळ, तितरांची जोडी जमीन उकरत होती. नर मान वर करायचा, कळपाकडे बघायचा, पुन्हा वाळवी टिपायला लागायचा. बाबांनी त्यांच्याकडे मानही वळवली नाही. मला म्हणाले, “त्येंच्याकडं टक लावून बगू नका.” मी नेहमी नेमकं तेच करत आले होते: पाखरू दिसलं की त्याच्यावर डोळे रोखायचे, त्याच्याच दिशेने पाऊल टाकायचं. ज्याच्यावर कुणीतरी टपलेलं असतं अशा जिवाला ती नजर ओळखता आली नाही, तर तो जगत नाही.

त्या दिवशी फोटो काढला नाही. काढायला हवा होता असं अजूनही वाटत नाही.

हळूहळू बसायला लागले. पूर्वेच्या अंगाला एका हिवराच्या आडोशाने, मातकट कपड्यांत, खाली गोणपाट टाकून. पाखरं यायला लागली. आता फोटो यायला हवे होते. ते आले, आणि जवळजवळ सगळे अस्पष्ट.

हा अपमान मला फार लागला, कारण इथे दोष द्यायला पाखरू नव्हतं, ऊन नव्हतं. पाखरू समोर उभं, उजेड त्याच्यावर, आणि फोटो हललेला. मी आधी लेन्सवर संशय घेतला. मग कळलं की ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये पाखराबरोबर हाताचा प्रत्येक कंपही मोठा होतो. जुना ठोकताळा असा, की लेन्सची फोकल लेंग्थ जितकी मिलिमीटर, सेकंदाचा निदान तितकावा भाग शटरचा वेग हवा. ६०० ला सेकंदाचा सहाशेवा भाग किंवा त्याहून जलद. मी अडीचशेवर अडून बसले होते, कारण जलद वेगाला उजेड कमी पडतो आणि आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. दाणेदार पण स्पष्ट फोटो चालतो. गुळगुळीत पण हललेला फोटो कशाच्याच कामाचा नसतो. एवढी साधी गोष्ट मान्य करायला मी एक अख्खा हंगाम घालवला.

वेग वाढवला तरीही काही फोटो हलतच होते. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहतात. पलटणीच्या नेमबाजीच्या चमूत ते बरीच वर्षं होते. एका संध्याकाळी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि म्हणाले, “कॅमेरा धरून दाखव.” मी गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा रोखला, क्लिक केलं. त्यांचं लक्ष माझ्या बोटाकडे होतं. म्हणाले, “बेटा, तू दाबत नाहीस. तू झडप घालतेस.”

खरं होतं. टाकीचा फोटो काढताना झडप लहान होती, तितर समोर आल्यावर मोठी व्हायची. ‘आत्ता, नाहीतर गेला’ असं मनात आलं की बोट खाली आदळायचं आणि त्या धक्क्याने लेन्सचं तोंड खाली जायचं. म्हणूनच माझ्या फोटोंत पाखराचे पाय आणि माती स्पष्ट, डोकं कापलेलं. मनाने मी शांत बसायला शिकले होते. बोट शिकलं नव्हतं.

सुभेदारांनी मला पुन्हा पहिलीपासून बसवलं. नेमबाजांचा एक जुना सराव आहे: रायफलमध्ये गोळी नाही, नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि ट्रिगर असा दाबायचा की नाणं पडता कामा नये. मी लेन्सच्या हूडवर रुपयाचं नाणं ठेवून रोज रात्री सराव केला. नाणं पडायचं. कितीतरी रात्री पडत राहिलं. श्वासाचंही त्यांनी सांगितलं. श्वास छाती फुगवून रोखायचा नाही. सहज सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी जो आपोआप ठहराव येतो, त्यात बोट दाबायचं. तो ठहराव काही सेकंदांचा. ओढूनताणून लांबवला तर डोळ्यांपुढे धूसर होतं आणि हात थरथरायला लागतात. आणखी एक: नेम धरला की डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, डोळे उघडायचे. नेम सरकलेला असेल तर हाताने ओढून जागेवर आणायचा नाही, सगळी बैठक हलवायची. हाताच्या जोरावर धरलेला नेम ऐन वेळी दगा देतो.

पण सुभेदारांची सगळ्यात अवघड शिकवण वेगळीच होती. म्हणाले, “जमत नसेल तर रायफल खाली घे.” नेम धरल्यावर मनासारखं स्थिर झालं नाही तर चांगला नेमबाज गोळी सोडत नाही, रायफल उतरवतो, श्वास घेतो, पुन्हा सुरुवात करतो. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. मी गुण बघत होते; सुभेदार त्याचा श्वास आणि दोन गोळ्यांमधली त्याची उसंत बघत होते. जगाचे डोळे लागलेले असताना, घड्याळ चालू असताना, आधी खोळंबून मगच बोट दाबायचं, याला केवढी छाती लागत असेल!

मला तर समोर साधा तितर असताना कॅमेरा खाली घेता येत नव्हता.

यानंतरची चूक मी शहाणपण समजून केली. नाण्याचा सराव जमू लागला होता, फोटो सुधारत होते, आणि मला अजून जवळून हवं होतं. एकाने सांगितलं, मोबाइलवर तितराचा आवाज लाव, धावत येतो. मी लावला. खरंच आला. वारुळावर चढून, मान ताणून, छाती काढून बोलू लागला. प्रकाश सुरेख होता. मी फोटो घेत राहिले आणि आवाज पुन्हा पुन्हा लावत राहिले. तो झुडपाभोवती फेऱ्या मारत होता, थांबत होता, आवाज कुठून येतोय ते शोधत होता, पुन्हा ओरडत होता. नराच्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला, म्हणजे घरात कुणी शिरलं. त्या सकाळी त्याने चारा टिपला नाही, मादीकडे गेला नाही, न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत राहिला. मला ते त्या वेळी दिसत होतं. दिसत असूनही मी बंद केलं नाही, हे मला सांगायला हवं.

पुढचे काही दिवस त्या वारुळाकडून आवाज आला नाही. धनगर बाबांना मी मोबाइलचं सांगितलं, तर ते पहिल्यांदाच माझ्याशी कडक बोलले: “त्याला त्याच्याच घरात झुंजवलंत तुमी.”

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात असतो. तिथे मे महिन्यात रानटर्कीच्या नरांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि तो एका सहकाऱ्याबरोबर रीतसर परवाना काढून गेला होता. फोनवर आमचं यावर बोलणं झालं आणि मी थक्क झाले, कारण तो माझीच चूक सांगत होता. टर्कीचा शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. नवा माणूस फार बोलावतो. निसर्गात नर बोलतो आणि मादी त्याच्याकडे जाते. त्यामुळे मादीचा आवाज फार झाला की नर लांबच थांबून तिची वाट बघत राहतो. जाणता शिकारी एकदा आवाज काढतो आणि गप्प बसतो. तेवढं गप्प बसणं भावाला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी नर आला, तर बंदुकीच्या दस्त्यावरून गाल उचलून बघण्याच्या नादात छर्रे डोक्यावरून गेले. त्याने आणखी एक सांगितलं ते मला फार पटलं: तिथे टर्कीच्या हंगामात रानात लाल, पांढरं किंवा निळं काही अंगावर घालत नाहीत, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि उतावीळ माणूस रंग दिसला की गोळी घालतो. म्हणजे उतावीळपणात माणूसही मरतो.

जीव घेण्याचं मला पटत नाही, हे मी त्याला सांगितलं. पण त्याने सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला रानटर्की बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला, रानातली पाखरं पकडून दुसऱ्या रानांत सोडली, आणि आज ती तिथे पुन्हा मुबलक आहेत. आपल्याकडे बंदी आहे, पण कॅमेरेवाल्यांनी माळासाठी काय दिलं, हा प्रश्न मला तेव्हापासून टोचतो.

आता सगळ्यात मोठी चूक. ही मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही.

मे महिना होता. माळटिटवी अगदी उघड्यावर अंडी घालते: मुरमात नुसता खळगा, कडेला चार खडे, आणि मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची बहुधा चार अंडी. मला असं घरटं सापडलं. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर उभी राहते ती बहुतेक सावली धरायला. नगरच्या मे महिन्यातल्या उन्हात उघडी अंडी लवकर तापतात. टिटव्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून आणून अंड्यांना गारवा देतात, हेही पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेलं आहे. मला तोच फोटो हवा होता: ओली पिसं घेऊन आलेली टिटवी.

मी घरट्यापासून जवळ, फारच जवळ, जाळीचा आडोसा लावून बसले. स्थिर बसले. आतापर्यंत शिकलेलं सगळं वापरलं: कपडे मातकट, ऊन पाठीवर, श्वास ताब्यात, बोट शांत. टिटवी घरट्यापासून दूर उभी राहिली. थोडं पुढे यायची, थांबायची, मागे जायची. ओरडत नव्हती, म्हणून मला वाटलं तिला माझी सवय होते आहे. ऊन चढत गेलं. मी उठले नाही. माझं म्हणणं असं होतं, की मी धीर धरते आहे. शेवटी ती आली, अंड्यांवर उभी राहिली, पंख किंचित पसरले, आणि मी फोटो घेतला. माझा तोवरचा सर्वात चांगला फोटो. त्याचं खूप कौतुक झालं.

पुढच्या वेळी गेले तेव्हा अंडी होती तिथेच होती. जोडी नव्हती. बराच वेळ लांबून बघितलं, कुणी आलं नाही. नंतरही आलं नाही. अंडी माझ्यामुळेच वाया गेली असं छातीठोक सांगता येणार नाही. माळावर कुत्री असतात, मुंगूस असतात, जोड्या घरटी सोडतातही. पण उन्हाच्या ऐन तडाख्यात ती अंडी किती वेळ उघडी राहिली ते मी स्वतः बघत होते, आणि कॅमेऱ्यातल्या फोटोंवर वेळ छापलेली होती. ती वेळ मी आजही पुसू शकत नाही.

तो फोटो मी नंतर कुठेच लावला नाही. जिथे लावला होता तिथून काढला. बसून राहण्याला मी धीर म्हणत होते, पण ती नुसती हाव होती. पळणारी नसून बसलेली, इतकंच. धीर असता तर टिटवी पहिल्यांदा मागे फिरली तेव्हाच मी उठून गेले असते. सुभेदारांनी सांगितलं होतं, जमत नसेल तर रायफल खाली घे. मी ते फक्त हातापुरतं शिकले होते.

या दिवसांत कुणीतरी मला मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ वाचायला दिलं. भिंगार आणि नगर शहर यांच्या मध्ये आपला भुईकोट किल्ला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे आणून ठेवले होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. आझादांनी तिथे न पाठवलेली पत्रं लिहिली, आणि त्यांत त्यांच्या खोलीतल्या चिमण्यांवर मोठा मजकूर आहे, हे मला माहीत नव्हतं. आधी ते चिमण्यांशी लढले, त्यांना हाकलून काढायचा प्रयत्न केला. मग हार मानून दाणे टाकले. आधी लांब, मग हळूहळू जवळ, मग आणखी जवळ. आणि स्वतः हलायचं नाही. शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की किती जवळ यायचं ते चिमण्या ठरवत होत्या. बाहेर जग पेटलेलं, स्वतः बंदिवान, आणि त्या माणसाने आपल्याहून लहान जिवावर घाई लादली नाही. घरापासून इतक्या जवळ घडलेली ही गोष्ट मला टिटवीच्या आधी वाचायला मिळाली असती तर, असं अनेकदा मनात येतं.

आपल्या जिल्ह्याला जवळ जाण्याची किंमत माहीत असायला हवी. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळांवर एके काळी माळढोक होता. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य झालं, आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं. पुढे ते कितीतरी आक्रसलं. आज रानात उरलेले माळढोक सुमारे दीडशे आहेत आणि बहुतेक राजस्थानात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पाखराच्या बाबतीत माझ्यासारख्या कुणाची एक उतावीळ सकाळ म्हणजे एका पिढीचं नुकसान. कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचं अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं; तिथलं गवत बघितलं की आपले माळ कसे असायचे याची कल्पना येते. आमच्या बाजूच्या माळांना तेवढंही कुंपण नाही. इथे पाखराला वाचवायला फक्त तिथे जाणाऱ्यांची अक्कल आहे.

तेव्हापासून माझी रीत बदलली. मार्च ते जुलै जमिनीवरची घरटी दिसली की मी वाट बदलते, आणि जागा कुणाला सांगत नाही. आवाज लावत नाही. फोटो घेतल्यावर लगेच मान खाली घालून पडद्यावर बघायची सवय मोडायला फार वेळ लागला. माझे कितीतरी चांगले क्षण मी आधीचा फोटो बघण्यात घालवले. आता वही नेते. कुठे किती तितर बोलले, धाविक दिसला का, लाव्यांची पिल्लं किती, पाऊस कधी पडला. धनगर बाबांना विचारून माझ्या नोंदी तपासते. ते बहुतेक वेळा काहीतरी दुरुस्त करतात. कॉलेजातली मुलं बरोबर यायला मागतात. त्यांना आधी सुभेदारांच्या गच्चीवर नेते आणि हूडवर नाणं ठेवायला लावते. काही जण पुन्हा येत नाहीत. येतात त्यांना मेंढरांबरोबर चालायला लावते.

सध्या मी पखुर्डीपाशी अडकले आहे. एका पाझर तलावाच्या कडेला, ऊन चढल्यावर, पखुर्ड्यांचे थवे पाणी प्यायला येतात. नर पाण्यात पोट भिजवतो आणि पिसांतलं पाणी लांबवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. मला तो ओल्या पोटाने उडताना टिपायचा आहे. काठापासून इतकं लांब बसून, की त्याने पाणी पिणं एका क्षणानेही आखडतं घेऊ नये. उडतं पाखरू टिपायला लेन्स त्याच्या वेगाने फिरवत राहावी लागते आणि बोट दाबल्यानंतरही थांबवायची नसते. मी थांबवते. दाबायच्या क्षणी खांदा आवळला जातो, लेन्स अडते, आणि फोटोत पाखराचा मागचा अर्धा भाग येतो. सुभेदार म्हणतात, हा खांद्याचा दोष दिसतो, पण तपास बोटापासूनच करायचा. म्हणून पुन्हा सराव सुरू केलाय: गच्चीवर, घरी परतणाऱ्या बगळ्यांवर, कॅमेऱ्यात कार्ड न घालता.